रंगाऱ्याचं कसब कोण पारखणार?

घराला रंग दिला त्या दिवशी चांगलं काम आणि वाईट काम सारखंच दिसतं. भिंत गुळगुळीत, दार चकचकीत, घरभर ताज्या रंगाचा वास. लांबी नीट सुकू दिली होती का, अस्तराचा हात खरोखर मारला होता का, रंगात टर्पेंटाइन किती ओतलं होतं, हे सगळं वरच्या हाताखाली झाकून जातं. दोन पावसाळे गेले की पोपडे धरू लागतात. तोवर रंगाऱ्याचे पैसे चुकते झालेले असतात.

म्हणजे हा असा धंदा आहे, की मालाची खरी पारख होते तेव्हा सौदा जुना झालेला असतो. मग गिऱ्हाइकाने चांगला रंगारी निवडायचा कसा? आणि त्याहून अवघड प्रश्न चांगल्या रंगाऱ्यापुढे असतो. आपलं काम टिकणारं आहे हे पहिल्याच दिवशी पटवायचं कसं?

लंडन शहराने या प्रश्नावर काही शतकं एक उत्तर चालवून पाहिलं. रंगाऱ्यांचा एक संघ, म्हणजे गिल्ड, नेमायचा आणि कोणाचा हात विश्वासाचा आहे हे त्या संघाने सांगायचं. या संघाचं नाव पेंटर-स्टेनर्स कंपनी. १८६० साली तिने थॉमस कर्शॉ नावाच्या रंगाऱ्याला आपला सभासद करून घेतलं. तो देवादिकांची किंवा राजेरजवाड्यांची चित्रं काढणारा नव्हता. साध्या लाकडावर आणि गिलाव्यावर ओक, महोगनी, संगमरवर हुबेहूब रंगवणारा तो सजावटी रंगारी होता. या प्रवेशाला मोल का होतं, हे समजायचं तर आधी संघ कसा चालायचा आणि नंतर कर्शॉचा हात कसा चालायचा, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

रंगातली भेसळ आणि संघाची गरज

मध्ययुगातला रंगारी रंग डब्यातून काढत नव्हता. खनिज आणायचं, कुटायचं, पाट्यावर घोटायचं, तेलात किंवा सरसात कालवायचं, असा सारा खटाटोप त्याच्याच दुकानात चाले. भेसळीला वाव होता तो इथेच. हिंगुळाचा लाल महाग. पतंगाच्या लाकडातून निघणारा लाल त्यामानाने स्वस्त. हे लाकूड आशियातून युरोपात जाई. ताजेपणी दोन्ही लाल डोळ्यांत भरत, पण वनस्पतीपासून काढलेला रंग उजेडात भराभर विटतो. घोड्याच्या खोगिरावर किंवा चर्चमधल्या मूर्तीवर कोणता लाल लावला आहे, हे पैसे देणाऱ्याला काही वर्षांनीच कळे.

लंडनच्या रंगाऱ्यांचा संघ १२८३ पासून नोंदींत सापडतो. लाकूड, धातू, दगड अशा घट्ट वस्तू रंगवणारे ते पेंटर. कापडावर रंगकाम करणाऱ्यांचा, म्हणजे स्टेनर लोकांचा संघ निराळा होता. भिंतींवर लावायचे रंगीत पडदे, मिरवणुकीतली निशाणं हा त्यांचा प्रांत. १५०२ च्या सुमारास दोन्ही संघ एकत्र आले आणि १५८१ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने त्यांना सनद दिली. ‘कंपनी’ या शब्दाने गोंधळू नये. इथे भागधारक नाहीत, नफ्याची वाटणी नाही. एका धंद्यातली माणसं, त्यांचे नियम, त्यांचं सभागृह आणि त्यांची पेटी, एवढ्याचं मिळून हे नाव. सभागृह मिळालं ते आठव्या हेन्रीचा दरबारी रंगारी जॉन ब्राउन याच्यामुळे. ट्रिनिटी लेनमधलं आपलं घर त्याने संघाला दिलं. १६६६ च्या आगीत ते जळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. १९४१ च्या बाँबहल्ल्यात पडलं, तेही पुन्हा उभं राहिलं. संघ आजही त्याच जागी आहे.

संघाकडे तीन गोष्टी होत्या. शिकण्याची वाट त्याच्या हातात होती, धंदा करण्याची परवानगी त्याच्या हातात होती आणि तपासणीचा हक्कही त्याचाच होता. संघाचे नेमलेले लोक दुकानात शिरून माल पाहत, खोट आढळली तर दंड करत, माल जप्त करत. गिऱ्हाइकाला हिंगूळ ओळखता येत नसेल, पण जन्मभर तो घोटलेल्या माणसाला येतो. फसवणाऱ्याला पकडण्यात इतर रंगाऱ्यांचाही स्वार्थ होता, कारण एकाच्या वाईट कामाने सगळ्यांचं नाव जाई. संघ चालतो तो या स्वार्थावर. निव्वळ सचोटीच्या आवाहनावर तो इतकी शतकं टिकला नसता.

याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. हाच संघ बाहेरच्यांना धंद्यात येऊ देत नसे. लंडनचे गिलावा करणारे कारागीर भिंतीला गिलावा करता करता रंगही देऊ लागले, तेव्हा रंगाऱ्यांनी संसदेपर्यंत धाव घेतली आणि पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच कायदा करून घेतला. गिलावेवाल्यांनी पांढरा, काळा, गेरू, पिवळी माती असे मोजके रंग तेवढे वापरावेत, तेही सरसात कालवून. तेलरंगाला हात लावायचा नाही. सरसातला रंग ओल्या फडक्याने निघतो. तेलातला वाळून कातड्यासारखा घट्ट बसतो आणि वर्षानुवर्षं राहतो, पैसाही त्यातच जास्त. गुणवत्तेचं रक्षण आणि कमाईचं रक्षण ही दोन कामं संघ एकाच कायद्याने करून घेत होता. माझ्या मते संघांच्या इतिहासातला हा भाग झाकून त्यांची थोरवी गाणं बरोबर नाही.

नाशिकची एक नोंद

विश्वास एखाद्या माणसाच्या ऐवजी संघावर ठेवायचा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या श्रेणी म्हणजे असेच धंद्यांचे संघ. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही नोंद. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने; १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज २४० होतं आणि लेखात २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ दिल्याचं लिहिलं आहे. हिशेब चोख जुळतो. उषवदाताने ही रक्कम एखाद्या श्रीमंत विणकराकडे ठेवली नाही, कारण माणूस मरतो. श्रेणी पुढे चालू राहील असा भरवसा होता.

लंडनच्या रंगाऱ्यांच्या संघामागेही हाच विचार होता. तिथल्या संघात शिरायचं कसं, ते चौकटीत सांगतो.

चौकट : फ्रीमन होण्याच्या वाटा

संघाच्या पूर्ण सभासदाला फ्रीमन म्हणत. पहिली वाट उमेदवारीची. मुलाने लंडनच्या एखाद्या फ्रीमन उस्तादाकडे करारपत्र लिहून राहायचं, साधारणपणे सात वर्षं. उस्ताद जेवण, कपडे, निवारा आणि विद्या देई. उमेदवाराने त्या काळात लग्न करायचं नाही, जुगार खेळायचा नाही, गुत्त्यात जायचं नाही. मुदत भरली की उस्तादाच्या साक्षीने संघात प्रवेश.
दुसरी वाट वारशाची. फ्रीमनच्या मुलाला बापाच्या नात्याने प्रवेश मिळे.
तिसरी वाट पैसे भरून. ठरलेलं शुल्क द्यायचं आणि संघाच्या कारभाऱ्यांची संमती मिळवायची. काहींना सन्मान म्हणूनही घेतलं जाई.
संघाचा फ्रीमन झाल्यावर लंडन शहराचा फ्रीमन होता येई आणि शहरात स्वतःचं दुकान उघडायला पूर्वी तेच लागे. त्याच्या वरची पायरी लिव्हरीमनची. त्याला संघाचा झगा घालण्याचा मान आणि शहराचा लॉर्ड मेयर निवडण्याच्या कामात मत.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण म्हणजे जेम्स थॉर्नहिल. १६८९ मध्ये तो पेंटर-स्टेनर्सच्या नियमांनुसार थॉमस हायमोर या नातेवाईक रंगाऱ्याकडे उमेदवार राहिला आणि १७०४ मध्ये फ्रीमन झाला. पुढे ग्रिनिचचं प्रचंड रंगीत सभागृह त्यानेच सजवलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाच्या आतली चित्रं त्याचीच. १७२० मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. छत रंगवणारा आणि चित्र काढणारा असे दोन वेगळे वर्ग त्या वेळी अजून पक्के पडले नव्हते. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली, नामवंत चित्रकार तिकडे गेले आणि रंगारी हा निव्वळ कारागीर ठरला. कर्शॉ जन्मला तो या फाटाफुटीनंतर, १८१९ मध्ये, लँकेशर परगण्यात.

खोटं लाकूड खरं कसं दिसतं

कर्शॉने उमेदवारी केली ती बोल्टन या गिरणगावात, एका रंगाऱ्याच्या हाताखाली. तो काळच नकली लाकडाचा होता. नव्या घरांची दारं स्वस्त पाइन लाकडाची असत आणि मालकाला ती ओकची दिसायला हवी असत. आज हे काम छापील सनमायका करतो. तेव्हा ते ब्रशने होई. या कामाला ग्रेनिंग म्हणतात.

आधी दाराला फिकट बदामी तेलरंगाचे हात देऊन ते घासून गुळगुळीत करायचं. हा तळ ओकच्या सर्वांत उजळ भागाच्या रंगाचा असतो. तो वाळला की त्यावर तपकिरी रंगाचा पातळ, पारदर्शक हात द्यायचा. त्यालाच ग्लेझ म्हणतात. सगळी जादू या पारदर्शकपणात आहे. पांढऱ्या बशीत कोरा चहा ओतून पाहा. कडेला, जिथे तो पातळ आहे, तिथे सोनेरी दिसतो आणि मधे, जिथे खोल आहे, तिथे गडद. रंग एकच, पण उजेड त्यातून आत जातो, बशीच्या पांढऱ्या तळावर आपटून परत येतो आणि जितका लांबचा रस्ता, तितका तो गडद होतो. दारावर नेमकं हेच घडतं. म्हणून रंगवलेलं लाकूड आतून उजळल्यासारखं वाटतं. एकाच जाड रंगात ओढलेल्या रेघा मात्र रेघाच दिसतात.

ग्लेझ ओला असतानाच त्यावरून पोलादाचा किंवा चामड्याचा कंगवा ओढायचा. दातांच्या जागी तळ उघडा पडतो आणि लाकडाच्या धाग्यांसारख्या रेषा उठतात. मग दुसरा, बारीक दातांचा कंगवा किंचित तिरका फिरवला की त्या अखंड रेषा तुटतात आणि ओकच्या अंगावरच्या बारीक छिद्रांचा भास होतो. ओकचा ओंडका गाभ्याच्या दिशेने चिरला तर फळीवर चंदेरी, झाक मारणारे चट्टे दिसतात. ते काढायला रंगारी अंगठ्याच्या नखाभोवती फडकं गुंडाळतो आणि ओला ग्लेझ हलक्या झटक्याने टिपून घेतो. सगळं वाळल्यावर सावल्यांसाठी आणखी एक पातळ हात, तोही पाण्यातल्या रंगाचा आणि शिळ्या बिअरमध्ये कालवलेला. बिअरमधला चिकट अंश रंगाला एवढंच धरून ठेवतो, की वरून व्हार्निश फिरवताना तो उचलला जात नाही. शेवटी व्हार्निश.

संगमरवराचं तंत्र वेगळं. ओल्या पांढऱ्यावर करड्या रंगाच्या शिरा ओढायच्या, अनेकदा पक्ष्याच्या पिसाने, कारण पीस हातात वळतं आणि रेषा आपोआप कमीजास्त जाड होते. मग बिज्जूच्या केसांच्या मऊ ब्रशने त्या शिरा अगदी हलकेच पुसट करायच्या. काही कडा विरघळतात, काही धारदार राहतात. दगडाला खोली येते ती त्यामुळे.

पण हात आणि हत्यारं एवढ्यावर डोळा फसत नाही. डोळा प्रत्येक रेष तपासत बसत नाही, तो नियम तपासतो. सुताराच्या दारात उभ्या पट्टीचे धागे उभे जातात, आडव्या पट्टीचे आडवे आणि सांध्याच्या रेषेवर एक संपून दुसरा सुरू होतो. ज्या रंगाऱ्याने सांध्यावरून धागे सलग ओढले, त्याचं दार रंग कितीही सुंदर असला तरी खोटं दिसतं. म्हणजे चांगलं ग्रेनिंग करणाऱ्याला सुतारकी कळावी लागते आणि संगमरवर रंगवणाऱ्याला दगडाच्या खाणीतले थर. मला या कामातलं सर्वांत मोठं हेच वाटतं. वस्तू कशी घडते हे माहीत असल्याशिवाय ती कशी दिसते हे काढता येत नाही.

पदकं आणि संशय

१८४० च्या दशकात कर्शॉ लंडनला आला आणि पुढे स्वतःचा धंदा उभारला. १८५१ मध्ये हाइड पार्कमध्ये काचेचा अवाढव्य महाल उभारून जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. सुमारे ६० लाख भेटींची तिथे नोंद झाली. कर्शॉने रंगवलेल्या लाकूड-दगडांच्या नमुना फळ्यांना तिथे पदक मिळालं. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला पहिल्या दर्जाचं पदक मिळालं. तिथल्या कारागिरांना या फळ्या रंगवलेल्या आहेत हे पटेना, म्हणून त्याला सगळ्यांसमोर ब्रश चालवून दाखवावा लागला, असं सांगतात. १८६२ च्या लंडन प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. बकिंगहॅम राजवाड्याच्या ब्लू रूममधले खांब ऑनिक्स दगडासारखे दिसतात, पण ते रंगवलेले आहेत. ते काम कर्शॉच्या नावावर आहे.

१८६० मधला प्रवेश या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. बोल्टनची उमेदवारी लंडनच्या संघाच्या हिशेबात धरली जात नसे, कारण उस्ताद लंडनचा फ्रीमन असावा लागे. शिवाय एव्हाना संघाची सक्ती उरली नव्हती. फ्रीमन नसलेला माणूसही शहरात धंदा करू शकत होता, रंग तपासायला कोणी दुकानात शिरत नव्हतं. म्हणजे कर्शॉला संघाच्या परवान्याची गरज नव्हती. काम होतं, पदकं होती. तरी त्याला हे सभासदत्व हवं होतं आणि संघालाही तो हवा होता. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण असं, की परवाना देण्याची ताकद गेल्यावरही पारख करण्याचा अधिकार उरतो. रंग घोटणाऱ्यांच्या जुन्या संघाने ‘हा आमच्यातला’ म्हणणं आणि प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळाने पदक देणं, या दोन वेगळ्या साक्षी आहेत. पहिली बिरादरीची आहे.

ही फसवणूक नाही का?

हा आक्षेप त्याच काळात जोरात घेतला गेला होता. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन याने १८४९ मध्ये वास्तुकलेवरच्या आपल्या पुस्तकात लाकडाला संगमरवरासारखं रंगवणं हे वास्तूतल्या असत्यांपैकी एक असल्याचं मांडलं. त्याचा शब्द तेव्हा फार मानला जाई. खोटं रंगवणाऱ्याला सचोटीसाठी जन्मलेल्या संघाने आत घेणं हे विसंगत वाटू शकतं.

मला ते विसंगत वाटत नाही. १२८३ चा संघ ज्याला खोट म्हणत होता, ती सौद्यातली खोट होती. हिंगुळाचे पैसे घेऊन पतंग लावणं म्हणजे फसवणूक, कारण घेणाऱ्याला ते माहीत नसे. कर्शॉच्या गिऱ्हाइकाला आपण दगड विकत घेत नसून रंगाऱ्याचं कसब विकत घेत आहोत, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या नमुना फळ्या रंगकाम म्हणूनच प्रदर्शनात मांडल्या गेल्या, रंगकाम म्हणूनच जिंकल्या. रस्किनचा राग समजू शकतो, पण तो घर बांधून घेणाऱ्या मालकाच्या हौसेवर असायला हवा होता. त्याने तो रंगाऱ्याच्या हातावर काढला आणि त्यामुळे हे कसब पुढे कित्येक पिढ्या दुय्यम मानलं गेलं.

कर्शॉ १८९८ मध्ये वारला. त्याचं काम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि बोल्टनच्या संग्रहालयात जपलेलं आहे. पेंटर-स्टेनर्स कंपनी आता मुख्यतः धर्मादाय संस्था आहे. चित्रकारांसाठी तिने लिन पेंटर-स्टेनर्स पारितोषिक चालवलं आणि सजावटी रंगकाम शिकणाऱ्यांना ती मदत करते.

आपल्याकडच्या रंगाऱ्याला अशी साक्ष देणारं कोणी नसतं, तेव्हा ती आपणच तयार करावी. पुढच्या वेळी घराला रंग काढाल तेव्हा आधी हातभर फळीवर नमुना करून मागा. अस्तर, लांबी, पहिला हात, दुसरा हात असे थर पायरीपायरीने उघडे ठेवलेला. मागे रंगाचं नाव, तारीख आणि रंगाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि त्या फळीचे वेगळे पैसे द्या. चार वर्षांनी काम टिकलेलं दिसलं, तर ती फळी त्या रंगाऱ्याच्या हाती सोपवा. नवं गिऱ्हाईक मिळवताना ती त्याच्या कामी येईल.